इथे पंथाचे नाव लिहा

आमच्या टोलिव्हर फोर्कमध्ये देवभक्तीची साथ आली ती सप्टेंबरात. त्याआधी कोविडची येऊन गेली होती, पण तिच्याकडे गावानं एवढं लक्ष दिलं नव्हतं. निमित्त झालं आमच्या वृद्धाश्रमाच्या मालक कंपनीच्या फतव्याचं. सगळ्या कामगारांनी महिनाअखेरपर्यंत लशीचा निदान पहिला डोस घ्यावा, नाहीतर घरी बसावं. कुणाची धर्मश्रद्धा आड येत असेल, तर त्यानं सूट मिळण्यासाठी लेखी अर्ज करावा. कागद मंगळवारी दुपारी भिंतीवर लागला आणि संध्याकाळपर्यंत, स्वतःच्या लग्नानंतर ज्यांनी चर्चचा उंबरठा पाहिला नव्हता, अशांच्या अंगात देव संचारला.

मी लेटा स्टिडम. आश्रमाचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे आणि मागच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खोलीत माझी आई, ओपल, राहते. आई काउंटीची नर्स होती. केंटकीच्या या डोंगरातल्या एकेका घळीत जीप घालून तिनं पोरांना टोचलं. पन्नाशीच्या पुढच्या कुणाचीही बाही वर करून बघा, देवीच्या लशीचा वण दिसेल. तो माझ्या आईच्या हातचा.

आता तिला काही आठवत नाही. मी कोण तेही नाही. धड वाक्य बोललेली ऐकून मला दोन वर्षं होत आली. आणि जेवणाचं म्हणाल, तर सगळ्या आश्रमाला जेवू घालणारी मी, पण माझी स्वतःची आई माझ्या हातून घास घेत नाही. चमचा पुढं केला की ओठ गच्च मिटते आणि मान भिंतीकडे. ती जेवते फक्त मिस्टी नेपिअरच्या हातून. मिस्टी आमच्याकडे म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते, उठवते, बसवते. ती आईला भरवताना वेगळं काय करते हे बघायला मी दाराआड उभी राहिले आहे. तेच बीन्स, त्यात कुस्करलेलं तेच कॉर्नब्रेड, चमचासुद्धा तोच. मला त्या बाईचा राग येतो आणि तिच्यावाचून माझं पानही हलत नाही. मिस्टी गेली तर आई अन्न सोडेल, हे सांगायला मला डॉक्टर नको होता.

अर्ज तपासायला तिघांची समिती नेमली. एक आमचे व्यवस्थापक मिस्टर फोर्टनर, लेक्सिंग्टनहून आलेले, वय तिशीचं, टाय रोजचा. दुसरे ब्रदर हर्शेल, दर बुधवारी आश्रमात प्रार्थना सांगायला येणारे बाप्टिस्ट पाद्री. तिसरी मी, समाजाची प्रतिनिधी म्हणून. खरं कारण असं की बैठक जेवणघरात होती आणि कॉफी मीच आणणार होते.

आमचं काम काय, तर समोरच्या माणसाची श्रद्धा मनापासूनची आहे की नाही हे ठरवायचं. त्यासाठी हेड ऑफिसनं प्रश्न धाडले होते. मी आयुष्यभर पुडिंग शिजलंय की नाही ते बोट घालून बघत आले. श्रद्धेत बोट कुठून घालायचं ते कुणी सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी मिस्टर फोर्टनरनी अर्जांचा गठ्ठा पुढं ओढला, वरचा वाचला, खालचा वाचला, मधूनच एक ओढून वाचला.

"लेटा, हे सगळे एकसारखेच आहेत हो."

"गावात इंटरनेट आलंय," मी म्हटलं.

ब्रदर हर्शेलनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "'मी, इथे पंथाचे नाव लिहा, या पंथाचा निष्ठावान अनुयायी असून माझे शरीर हे परमेश्वराचे मंदिर आहे.'" मग दुसरा. "'मी, इथे पंथाचे नाव लिहा, या पंथाचा...'" मग तिसरा. म्हातारा बिचारा गोंधळून गेला. "मी चाळीस वर्षं या भागात उपदेश करतोय. या पंथाचं चर्च आहे तरी कुठं?"

"वाढतोय मात्र झपाट्यानं," मी म्हटलं. "तुमच्याकडे रविवारी बाकं रिकामी असतात आणि यांच्याकडे बघा."

मिस्टर फोर्टनर हसले नाहीत. सगळे अर्ज फेटाळायची त्यांना धास्ती होती. निम्मी माणसं गेली तर म्हाताऱ्यांना उठवायला त्यांना स्वतःला टाय खोचून यावं लागलं असतं. ते म्हणाले, "पंथ कोणता असावा याबद्दल हेड ऑफिसची अट नाही. रकाना रिकामा नाही एवढं पुरे."

पहिला उमेदवार डॉयल ग्रॉस. आश्रमाचे नळ, दिवे, बॉयलर सगळं तो बघतो. आला तो एका हातात सोड्याची बाटली, खिशात सिगारेटचं पाकीट, आणि बाह्या कापलेला शर्ट.

मिस्टर फोर्टनरनी प्रश्न वाचला, "ही श्रद्धा आपण केव्हापासून बाळगत आहात?"

डॉयलनं विचार केला. "मंगळवारपासून."

मला वाटलं संपलं. पण मिस्टर फोर्टनरनी 'मंगळवार' असं लिहून घेतलं. कालावधी नमूद करावा एवढंच कागदावर म्हटलं होतं, तो किती असावा ते नव्हतं.

ब्रदर हर्शेल पुढं झुकले. "डॉयल, बाबा, शरीर मंदिर म्हणतोस, मग त्या मंदिरात दिवसभर धूर कसला?"

"धूप, ब्रदर. जुन्या करारात मंदिरात धूप जाळायचे की नाही?"

"जाळायचे," ब्रदर हर्शेलना कबूल करावं लागलं.

मला राहवलं नाही. "अरे मेल्या, दंड बघ आपला! देवीचा वण आहे त्याच्यावर. तुझ्या मंदिराची भिंत माझ्या आईनं तू शाळेत असतानाच फोडलीय. तेव्हा कुठं गेला होता तुझा पंथ?"

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, लेटा. तुझ्या आईला नाही म्हणायची कुणाची छाती होती?"

हे मात्र खरं होतं. डॉयलला सूट मिळाली. त्याच्यामागून त्याच पंथाचे आणखी आठजण आले आणि सुटले. धुलाईखान्यातल्या एकीनं तर 'मंदिर'ऐवजी चुकून 'मंदिराचे पार्किंग' म्हटलं, तरी तिचीही श्रद्धा मनापासूनची निघाली.

संध्याकाळी मी कचरा टाकायला मागं गेले तर डॉयल सिगारेटवाल्यांच्या छपराखाली धूप जाळत उभा. मला बघून ओशाळला.

"रागावलीस का गं?"

"मी कशाला रागावू? देव रागावला तर बघ."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "कुणाला सांगू नकोस. मी दोन्ही डोस घेतलेत. जूनमध्येच. शेजारच्या काउंटीत जाऊन, मेव्हण्याची टोपी घालून. नातीला बघायला जायचं होतं, सूनबाई दारात उभं करीना."

"मग सूट कशाला मागितलीस, गाढवा?"

"शिकारीवाल्या पोरांना काय सांगू? वर्षभर म्हणत आलोय की मला टोचायला आले तर कुत्रा सोडीन. आता तोंड कुठं लपवू? आणि एकटा मीच नाही. त्या दिवशी तिथल्या रांगेत आपले निम्मे लोक होते. सगळे टोप्या घालून. कुणीच कुणाला ओळख दाखवली नाही."

"आणि ब्रदर हर्शेल?"

"ते माझ्या पुढं होते. पण त्यांनी टोपी घातली नव्हती हो, माणूस सच्चा."

मी पोट धरून हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. म्हणजे ज्यांनी लस घेतली ते देवाचं नाव सांगून सुटत होते, आणि सुटलेल्यांना आता दर सोमवारी नाकात काडी घालून तपासणी द्यावी लागणार होती. डॉयलला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. म्हटलं, श्रद्धेसाठी काहीतरी सोसू दे त्याला.

हसू ओसरलं ते यादी चाळताना. मिस्टीचा अर्ज यादीत नव्हता, आणि लस घेतलेल्यांतही तिचं नाव नव्हतं. महिना संपायला आठवडा उरला होता.

मी तिला धुतल्या चादरींच्या खोलीत गाठलं. चाळिशीची बाई, पण चोरी पकडल्यासारखी चादरींच्या मागं सरकली.

"मिस्टी, अर्ज का दिला नाहीस?"

"काय लिहू, मिस लेटा?"

"सगळे लिहितात तेच. कागद देते मी. फक्त तेवढं पंथाचं नाव भर, नाहीतर तसंच राहू दे."

"पण देवानं मला नको म्हटलेलं नाही." ती चादरीच्या घड्या घालत राहिली. "मला सुईची भीती वाटते. एवढंच. सुई दिसली की गुडघे जातात माझे. परवा फार्मसीत जाऊन आले, खुर्चीत बसले, आणि बाईनं झाकण काढलं तशी उठून पळाले. पर्स तिथंच राहिली. ती आणायला माझ्या आईला पाठवलं."

"मग डॉक्टरचं पत्र आण."

"गेले होते. तो म्हणाला, भीतीला औषध म्हणजे डोळे मिटून घे."

"बरं. मग भीतीच्या जागी देव लिही. चार अक्षरं तर बदलायची! तुझं काय जातंय?"

तेव्हा मिस्टीनं माझ्याकडे वर बघितलं. "मिस लेटा, दहा आज्ञांत आहे ना. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस. मी लहानपणापासून हात आपटला तरी तोंडातून देवाचं नाव काढत नाही. आता स्वतःच्या भित्रेपणावर त्याची सही कशी करू? तो काय म्हणेल?"

मला इतका संताप आला की हातातली चादर मी जमिनीवर आपटली. अख्ख्या गावात एकच बाई देवाला खरोखर भिणारी, आणि नेमकी तीच देवाचं नाव सांगायला तयार नाही! "आणि माझ्या आईचं काय?" मी ओरडले. "ती तुझ्या हातून खाते. फक्त तुझ्या. तिनं काय खायचं, तुझ्या आज्ञा?"

मिस्टी रडायला लागली. मीही. आम्ही दोघी तिथं धुतलेल्या चादरींना डोळे पुसत बसलो, आणि त्या सगळ्या परत धुवाव्या लागल्या.

शेवटी मी तिला एवढ्यावर राजी केलं की समितीसमोर यायचं आणि विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं. बाकीचं मी बघते, म्हटलं. प्रश्न विचारण्यात मी काय कमी आहे?

बैठकीत मी पहिल्यापासून पुढाकार घेतला. "मिस्टी, तू रोज रात्री प्रार्थना करतेस?"

"हो, मिस लेटा."

"या लशीबद्दल प्रार्थना केलीस?"

"केली."

मी मिस्टर फोर्टनरकडे बघितलं, म्हणजे लिहून घ्या. "आणि प्रार्थना करताना तुला मनात काय जाणवलं? नीट आठवून सांग. नको, असं काही जाणवलं?"

"मी म्हटलं, देवा, माझी भीती घालव."

"मग?"

"गेली नाही."

"म्हणजे देवाची इच्छा नाही!" मी टेबलावर हात मारला. "घ्या लिहून."

"नाही, मिस लेटा," मिस्टी हळूच म्हणाली. "मला वाटतं त्याची इच्छा आहे मी घ्यावी अशी. मीच ऐकत नाहीये."

ब्रदर हर्शेलनी रुमाल काढला. ते म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षांत माझ्या व्यासपीठासमोर याहून खरी कबुली कुणी दिली नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचा काही उपयोग नव्हता.

मिस्टर फोर्टनर लॅपटॉपवर वरखाली करत होते. "भीती हा पर्याय इथं नाही. 'श्रद्धा' आहे, 'वैद्यकीय' आहे. भीती नाही. आणि यांच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे श्रद्धा तर लशीच्या बाजूनं आहे." त्यांनाही वाईट वाटत होतं, खोटं का बोलू. टाय सैल केला त्यांनी. "मी काय करू, लेटा? 'मंगळवारपासून' म्हणाल्या असत्या तरी मी लिहून घेतलं असतं."

एवढ्या सगळ्या अर्जांत फेटाळला गेला तो एक. अर्ज न केलेलीचा.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्याच दिवशी काउंटीची नर्स आश्रमात म्हाताऱ्यांना वाढीव डोस द्यायला आली होती. वांडा तिचं नाव, आईनंच शिकवून तयार केलेली, आता स्वतः निवृत्तीला टेकलेली. मिस्टी सकाळी तिच्या टेबलापर्यंत दोनदा गेली आणि दोनदा माघारी फिरली. दुसऱ्यांदा तर भिंतीला धरून खाली बसली. डॉयलनं तिला आपला सोडा पाजला आणि म्हणाला, "सोमवारपासून माझ्या नाकात काडी घालणार आहेत, ठाऊक आहे? तुझी जागा मला दे, माझा पंथ तू घे." पण ते त्याच्या हातात नव्हतं.

दुपारी मिस्टीनं आईला शेवटचं भरवायला घेतलं. मी खोलीत उभी होते. या वेळी दाराआड नव्हे, समोर. ती काय करते ते शिकून घ्यायलाच हवं होतं. ती काहीच वेगळं करत नव्हती. चमचा धरून नुसती थांबत होती, आईचं तोंड आपणहून उघडेपर्यंत. मी कधी थांबले नव्हते, मला नेहमी पुढचं ताट असायचं. भरवता भरवता मिस्टीच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, पण तिचा हात हलला नाही.

तेवढ्यात वांडा ट्रॉली ढकलत आत आली. "मिस ओपल, तुमचा नंबर," म्हणाली आणि स्पिरिटची बाटली उघडली.

तो वास खोलीत पसरला आणि आई ताठ झाली. ताठ म्हणजे पाठ खुर्चीला न टेकता. तिनं ट्रॉलीकडे बघितलं, वांडाकडे बघितलं, मग शेजारी रडत बसलेल्या मिस्टीकडे. हात लांब करून तिनं कापसाचा बोळा उचलला, जणू बोळा त्या जागी असणार हे तिच्या हाताला माहीत होतं. आणि बोलली.

"ये बाळ. बाही वर."

आवाज तोच होता, अख्ख्या शाळेला रांगेत उभं करणारा.

मिस्टीनं बाही वर केली. आईनं तिचा दंड पुसला, दुसऱ्या हातानं तिची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. "तिकडं बघ. घरी कुत्रा आहे का?"

"आहे... होता," मिस्टी म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

वांडानं सुई भरून तयार ठेवली होती. ती मिस्टीसमोर वाकली आणि भुवया उंचावून नुसतं विचारलं. मिस्टीनं मान हलवली. होय म्हणून, दोनदा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"नाव सांग की. मोठ्यानं."

"बिस्किट."

"बिस्किट? आणि चावतो का?"

"नाही, मिस ओपल. तो फार भित्रा..."

"झालं," आई म्हणाली आणि बोळा दाबून धरला. "शूर मुलगी. जा, बाहेर सफरचंद मिळेल."

मिस्टीनं दंडाकडे बघितलं, मग वांडाच्या हातातल्या रिकाम्या सुईकडे, आणि हसायलाच लागली. हसत, रडत ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून राहिली. वांडानं घड्याळात बघून नोंद केली. महिना संपायला अजून अर्धा दिवस होता. मिस्टी राहिली, आई जेवणार, मला एवढंच कळत होतं.

आईनं नवा बोळा उचलला. तिनं मान वर केली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"तू का रडतेस, बाळ?" ती म्हणाली. "तुझी आई आली नाही का बरोबर?"

खोटं बोलायला मी कधी मागंपुढं पाहिलं नाही, पण तेव्हा बोलवेना.

"आलीय," मी म्हटलं. "इथंच आहे."

"मग घाबरायचं कशाला," आई म्हणाली, आणि तिनं माझी बाही वर केली.